गाडीला खालून भोकं कशाला?

अलिबागच्या बाहेरच्या रस्त्यावर छोट्या गाड्यांचं एक शोरूम आहे. तिथे मी बावीस वर्षं खुर्ची उबवली. मागच्या वर्षी निवृत्त झालो, तरी लग्नाकार्यात, पेट्रोल पंपावर, अगदी दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानाही लोक मला गाडीबद्दलच विचारतात. प्रश्नही ठरलेले. ॲव्हरेज किती देते? एसी लावून घाट चढते का? आणि आमच्या किनाऱ्यावर हटकून येणारा तिसरा: खाऱ्या हवेत गंजेल का हो?

आमच्या धंद्यात माझ्या जागेला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. ग्राहक काय म्हणतो ते ऐकायचं आणि मेकॅनिकला कळेल अशा शब्दांत जॉब कार्डावर लिहायचं. ग्राहक म्हणतो, "सकाळी गाडी रुसते." मी लिहितो, "इंजिन थंड असताना स्टार्टिंग ट्रबल." ग्राहक म्हणतो, "डाव्या बाजूला उंदीर ओरडतो." मी लिहितो, "पुढच्या डाव्या चाकातून आवाज." आमची शाखा लहान, त्यामुळे नवीन गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्याचं कामही माझ्याकडेच असे. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, फोटो, आणि मग "अभिनंदन, सावकाश चालवा".

कोणता प्रश्न का विचारला जातो, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. ॲव्हरेज विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आकडा नकोच असतो, आपण फसलो नाही एवढं त्याला बायकोसमोर ऐकायचं असतं. दिवेआगरचे एक वाडीवाले डिकीत किती माल बसेल असं तोंडी विचारायच्या ऐवजी भरलेलं सुपारीचं पोतंच घेऊन आले होते. म्हसळ्याकडचे एक गुरुजी सुतळी घेऊन आले. सुतळीला गाठ मारलेली, ती त्यांच्या गणपतीची उंची. मागच्या सीटवर गाठ छताला लागली, म्हणून पुढची सीट मागे सारून तिथे मोजली, तर बसली. गुरुजी खूश झाले आणि त्यांनी गाडी घेतली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेणहून मूर्ती आणताना त्यांचा रस्त्यातून फोन: "नाईक, गाडी सारखी केकाटतेय." सीटवर वजन आलं आणि बेल्ट लावला नाही की ती केकाटणारच. मी म्हटलं, "बेल्ट लावा." मग गुरुजी म्हणाले, "देवाला?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. शेवटी त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

अशा वेळी गोंधळायला होतं म्हणून मी हळूहळू उत्तरं पाठ करून टाकली. "हो, हो." "काही होत नाही." "कंपनीने विचार करूनच दिलंय." या तीन वाक्यांवर माझी निम्मी नोकरी पार पडली असेल. ती मी कुणाला कधी म्हणालो, कशाबद्दल म्हणालो, हे मात्र मला सांगता येणार नाही. हिराजी नाखवांच्या बाबतीत तेच नडलं.

नाखवा आमच्या जवळच्याच एका कोळीवाड्यातले. चाळीस वर्षं स्वतःच्या होडीवर तांडेल होते, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात आणि खलाशांचा जीवही. गुडघे गेले तेव्हा त्यांनी होडी विकली आणि गाडी बघायला आमच्याकडे आले. गाडी स्वतःसाठी नव्हतीच. त्यांच्या बायकोचा, यमुनाबाईंचा, मासळीचा धंदा. रोज सकाळी पाट्या घेऊन बाजाराला जायचं, तर सहा सीटर रिक्षावाले वास येतो म्हणून त्यांना घेत नसत. घेतलं तरी टपावर टाकल्यासारखं मागच्या कडेला बसवत. नाखवा मला म्हणाले, "हिनं तीस वर्सं लोकांची तोंडां बघून प्रवास केला. आता सीटवर बसून जाऊंदे." यमुनाबाईंचा प्रश्न एकच होता, "डिकीत दोन पाट्या ऱ्हातील ना, दादा?" राहत होत्या. साठीच्या वयात नाखवा मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकले. पहिले काही दिवस वळताना ते आधी आकाशाकडे बघायचे, असं शिकवणारा सांगत होता.

गाडी न्यायला ते दसऱ्याला आले. दसऱ्याची सकाळ म्हणजे आमच्याकडे जत्रा. त्या दिवशी एकामागून एक गाड्या द्यायच्या होत्या, बाहेर बँजो पार्टी वाजत होती, फोटोवाला हाका मारत होता. यमुनाबाई नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन उभ्या होत्या. आणि नाखवा दिसेनात. बघतो तर त्यांनी कुठून तरी एक गोणपाट पैदा केलं होतं, ते अंथरून ते गाडीखाली उताणे पडले होते. फक्त पाय बाहेर. होडी घेणारा माणूस आधी तिचा तळ बघतो, रंग नंतर. गाडीखालून त्यांचा आवाज आला, "सायेब, हिला खालून भोकां हायत."

हे मला स्वच्छ आठवतं. त्यांचे पाय, गोणपाट, आणि "भोकां" या शब्दावर यमुनाबाईंनी काळजीने माझ्याकडे बघितलेलं. मी काय उत्तर दिलं, ते आठवत नाही.

ती भोकं कशाला असतात हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पावसाचं पाणी खिडकीच्या काचेच्या कडेने दाराच्या आत उतरतंच, ते कोणत्याही गाडीत उतरतं. दार आतून पोकळ असतं. आत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक फटी ठेवलेल्या असतात. दाराखालच्या पोकळ पट्टीलाही तशीच भोकं असतात. ती मोकळी राहिली की गाडी कोरडी राहते. बस, एवढंच. गाडी देताना ग्राहकाला समजावून सांगायच्या गोष्टींचा एक छापील कागद असतो, त्यात हा मुद्दाही आहे, बराच खाली. फुरसत असली की मी सगळे मुद्दे वाचून दाखवायचो. गर्दी असली की म्हणायचो, "इथे सही करा." आणि लोक करतात.

दुसऱ्या पावसाळ्यात नाखवा गाडी घेऊन आले. गाडी मध्येच बंद पडत होती, कधी आपोआप कुलूप लागत होतं, कधी वायपर स्वतःच्या मर्जीने फिरत होते. पण त्यांची तक्रार वेगळीच होती. "हिच्या पोटात पानी हालतंय," ते म्हणाले. मी जॉब कार्डावर काय लिहावं या विचारात पडलो. दार उघडून बंद केलं तर आत खरंच खळखळ ऐकू आली.

आमचे फोरमन इक्बालभाई गाडी वर चढवून खाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते हसत की चिडत, कळेना. "नाईकसाहेब, खालून गाडी नवीकोरी आहे. गंजाचा ठिपका नाही. ह्यांनी माशाचं तेल लावलंय सगळीकडे." मग मूठ उघडून दाखवली. मुठीत कापसाच्या घट्ट वळलेल्या वाती होत्या, वर चंद्रुसाचा, म्हणजे राळेचा, लेप. होडीच्या फळ्यांतल्या फटी जशा बुजवतात, तशी नाखवांनी गाडीची एकूण एक भोकं बुजवली होती. काम इतकं सुबक होतं की वाती टोकदार सळीशिवाय निघत नव्हत्या. एक वात निघाली तसं दारातून पाण्याची धार लागली. त्या पाण्याला बाहेर वाट नव्हती, म्हणून ते गालिच्याखाली शिरलं होतं आणि तिथल्या वायरिंगच्या जोडण्या सडल्या होत्या.

नाखवा धारेकडे बघत उभे होते. तळाला भोक असलेली होडी बुडते, हे त्यांना बाराव्या वर्षापासून ठाऊक. भोक दिसलं की ते बुजवायचं, त्यात विचारायचं काय? पण त्यांनी विचारलं होतं. ते इक्बालभाईंना तेच म्हणाले, अगदी शांतपणे, "मी ह्यांना इचारलेला. ह्यांनी काय सांगितला न्हाय."

गाडी वॉरंटीत होती. वायरिंग फुकट बदलून मिळायचं की नाही, ते एका फॉर्मवर ठरणार होतं. फॉर्मवर एक चौकोन होता: या बाबीची माहिती ग्राहकाला दिली होती का? हो किंवा नाही. "नाही"वर खूण केली की चूक आमची, म्हणजे माझी. मॅनेजरसाहेब म्हणाले, "नाईक, रिकामं ठेवता येत नाही. तुम्हाला आठवतंय का?" मी म्हटलं, "साहेब, खरंच आठवत नाही." ते म्हणाले, "डिलिव्हरीच्या कागदावर त्यांची सही आहे ना? मग सांगितलंच असणार." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझं नाव कधी कुठल्या तक्रारीत आलं नव्हतं. मी स्वतःला समजावलं की मी बहुतेकांना सांगतो, म्हणजे यांनाही सांगितलं असेल. आणि "हो"वर खूण केली. खोटं लिहितोय असं त्या क्षणी वाटलं नाही, हे इथे कबूल करतो. खरं लिहितोय असंही वाटलं नाही.

क्लेम नामंजूर झाला. नाखवांना ते सांगायची पाळी माझीच. मी डिलिव्हरीचा कागद आणि 'हो'वर खूण केलेला फॉर्म पुढे ठेवला. वाद होणार अशी मनाची तयारी केली होती, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. नाखवांनी कागद जवळ घेतला, दूर धरला. त्यांना सही येते, बारीक छापील वाचायला जड जातं. "ही सही माझीच," ते म्हणाले. मग कागद परत माझ्याकडे सरकवला. "कागदावर हाय म्हंजे तुमी सांगितला असंल. मना आठवत न्हाय." त्यांनी खर्च भरला, इक्बालभाईंनी जमेल तितक्या स्वस्तात गाडी दुरुस्त केली, भोकं मोकळी केली. नाखवांनी माझे आभार मानले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि दुपारी डबा गोडही लागला. त्याची लाज मला नंतर वाटली.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी कामावर जाताना नाक्यावर यमुनाबाई दिसल्या. रस्त्याच्या कडेला दोन पाट्या ठेवून उभ्या. एक सहा सीटर थांबला, ड्रायव्हरने पाट्यांकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली. मी स्कूटर थांबवली. पहिला विचार मनात आला तो असा की वायरिंग पुन्हा गेलं.

"गाडी बिघडली का हो?"

"गाडीला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "हुबी हाय दारात. ह्ये हात लावीत न्हाईत."

"का?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "म्हंतात, ज्याला सांगितलेला आठवत न्हाय त्यानं मानसां घेऊन फिरू नये. तांडेल एक खडक इसरला तर सुकाणू दुसऱ्याला देतो. ह्यांनी दिला."

दुसरा सहा सीटर आला, त्याने त्यांना घेतलं, मागच्या कडेला. जाता जाता त्या म्हणाल्या, "सहा म्हयने झाले, दादा. रोज सकाळी उठून दर्यातल्या खडकांची नावां घोकतात. एक एक करून. चुकलं का बघाया."

त्या दिवशी मी जॉब कार्डांवर काय लिहिलं कोण जाणे. इक्बालभाईंनी दोन कार्डं परत आणून दिली. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. मी एका चौकोनात खूण केली ती स्वतःला वाचवायला, वायरिंगच्या खर्चापुरती. त्या खुणेने एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा जाईल, हे कुठल्या फॉर्मवर छापलेलं नव्हतं. आता जाऊन सांगायचं तरी काय? "मी सांगितलं नव्हतं" असं म्हणायला ते मला आठवायला हवं. दसऱ्याची ती सकाळ मी परत परत डोळ्यांसमोर आणली. पाय, गोणपाट, बँजो. नाखवांचा प्रश्न ऐकू यायचा. माझे ओठ हललेले आठवायचे. आवाज काही येत नव्हता. एकदा वाटायचं, "पाणी जायला असतात ती" असं मी म्हणालो होतो. मग वाटायचं, हे मी आता रचतोय. तीन रविवार असे गेले.

चौथ्या रविवारी मी कोळीवाड्यात गेलो. नाखवांच्या दारात गाडी धुतलेली, पुसलेली, टायरमध्ये हवा बरोबर. नाखवा ओटीवर जाळ्याचा जुना तुकडा विणत बसले होते, नुसतं हाताला काम म्हणून. यमुनाबाईंनी चहा आणला. मी चहा तसाच ठेवला.

"नाखवा, भोकांचं तुम्हाला मी सांगितलं नव्हतं."

त्यांचे हात थांबले. "कागदावर माझी सही हाय."

"सही सगळेच करतात. न वाचता करतात. मीच घाईत करून घेतो."

"आन तुमची खूण? 'हो' वर?"

"तीही मी तशीच केली. नोकरी सांभाळायला."

यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नाखवांनी हात वर केला. माझ्याकडे ते रोखून बघू लागले. पाण्याचा रंग बघून खडक ओळखणारी नजर, तिच्यापुढे मला बसवेना. "सायेब, माझं मन राखाया बोलत असाल तर बोलू नका. मना खरा कळाया पायजे. मी सगळी नावां म्हंतो रोज. एक चुकत न्हाय. पन माझी मीच म्हंतो, माझी मीच ऐकतो. चुकलो तर मना कसा कळंल?" मग म्हणाले, "तुमाला सोच्छ आठवतंय का, सांगितला न्हाय म्हनून?"

हा प्रश्न मला कुणा ग्राहकाने कधी विचारला नव्हता. माझ्या तिन्ही पाठ उत्तरांपैकी एकही त्याला बसत नव्हतं. खरं उत्तर होतं "आठवत नाही". ते दिलं असतं तर मी प्रामाणिक ठरलो असतो, आणि नाखवा उद्या सकाळी पुन्हा खडकांची नावं म्हणत बसले असते. आणि खोटं बोलायचं तर, पहिल्या खोट्यानेच तर ही वेळ आणली होती. ते पहिलं खोटं होतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. डोक्याचा नुसता गुंता झाला. चहावर साय आली होती.

"आठवतंय," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत, आणि मी उत्तर न देता पुढच्या गाडीकडे गेलो. स्वच्छ आठवतंय."

नाखवांनी जाळ्याचा तुकडा बाजूला ठेवला. मग यमुनाबाईंना म्हणाले, "बघ. मी बोललेलो, ह्यांनी सांगितला न्हाय." आवाजात राग नव्हता. उलट असा काही आनंद होता की मला मान वर करवेना. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी उठलो तर म्हणाले, "थांबा, नाक्यापर्यंत सोडतो." मी स्कूटर कोळीवाड्याच्या तोंडाशी लावून आलोय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी गाडी काढली, वळताना दोन्ही आरसे बघितले, हॉर्न दिला. यमुनाबाई मागे बसल्या होत्या, कशाला ते कुणी विचारलं नाही. वाटेत नाखवा मला एक एक वळण दाखवत, कुठे खड्डा आहे ते आधीच सांगत होते, आणि खड्डा तिथेच निघत होता. नाक्यावर उतरलो. गाडी दिसेनाशी झाल्यावर स्कूटर आणायला दीड मैल चालत परत गेलो.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं की मी त्या फॉर्मवर चुकीची खूण केली होती आणि तसं लिहूनही दिलं. क्लेम पुन्हा उघडला नाही. त्यांनी माझ्या नावावर एक ताकीद मात्र लावली, नोकरीतली पहिली आणि शेवटची. ताकीदपत्रात लिहिलं होतं की मी ग्राहकाला माहिती दिली नसल्याचं स्वतः मान्य केलं आहे. ते वाचून मी सही केली. या वेळी एक एक अक्षर वाचून केली. आणि तरीही, त्या दसऱ्याला मी नाखवांना काय उत्तर दिलं होतं, ते मला आजतागायत आठवलेलं नाही.